देहूच्या ओवरीतली श्रोती

नोकरीची बहुतेक वर्षे मी एसटीचा वाहक म्हणून वैजापूर तालुक्यातल्या रस्त्यांवर काढली. शिऊर बंगल्याचा थांबा जवळ आला की एखादी तरी म्हातारी पदर सावरत विचारायची, "बाबा, बहिणाबाईला इथंच उतरायचं ना?" मी हो म्हणायचो, घंटी मारायचो, ती उतरली की गाडी पुढे जायची. ही बहिणाबाई म्हणजे खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी नव्हेत, तुकोबांच्या काळातली संत आहे, एवढे मला ठाऊक होते. त्याहून जास्त नव्हते.

पुढे एका उत्सवात शिऊरला पुस्तकांचे टेबल लागले होते. तिथून तिची गाथा घेतली. माझे शिक्षण बेताचे. जुनी भाषा वाचायची सवय नाही. एक अभंग दोन-दोन दिवस पुरायचा. डबल ड्युटीच्या रात्री मुक्कामाच्या गाडीत टॉर्च लावून वाचायचो. वाचता वाचता लक्षात आले की आपण संतचरित्र म्हणून जे उघडले, ते प्रत्यक्षात वेगळेच काही आहे. एका बाईला एका गाणाऱ्याची पदे आवडली. तो गाणारा दूर होता. त्याला डोळ्यांनी पाहावे, त्याच्यासमोर बसून ऐकावे, म्हणून तिने काय काय सोसले आणि अखेर ती तिथे कशी पोचली, याचे तिने स्वतः सांगितलेले हे निवेदन आहे.

तुकोबांवर मराठीत केवढे लिहिले गेले आहे. सरकारी अनुदानावर १८६९ साली शंकर पांडुरंग पंडितांनी त्यांच्या गाथेचे काम छापायला काढले, तेव्हापासून अभंगांचे पाठ, सन, शके, गुरुपरंपरा, निर्याण या सगळ्यांवर वाद झाले. त्या वादांत बहिणाबाईंना साक्षीला बोलावले जाते. तुकोबांच्या वह्या तेरा दिवस पाण्यात राहून वाचल्याचे तिने म्हटले आहे, राघवचैतन्य, केशवचैतन्य, बाबाजी अशी परंपरा तिने दिली आहे, म्हणून तिचे नाव येते. साक्ष झाली की बाई पिंजऱ्यातून खाली उतरते आणि खटला पुढे चालू राहतो. या लेखात मला तिला जरा जास्त वेळ उभे करायचे आहे. तुकोबा कसे होते हे तिला सगळ्यांनी विचारून झाले. तिने ते कसे ऐकले, हे विचारायचे आहे.

हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगतो.

१९८४-८५ च्या सुमारास मी चौदा-पंधरा वर्षांचा असेन. भीमजयंतीला आमच्या वस्तीत वामनदादा कर्डक येणार असे ठरले. वामनदादा मूळचे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. मुंबईत कष्टाची कामे करता करता मोठेपणी अक्षरओळख करून घेतलेला हा माणूस. गाणी स्वतः रचायची, स्वतः गायची आणि गावोगाव हिंडायचे, हेच त्यांचे आयुष्य. पण हे सगळे मला नंतर कळले. तेव्हा आम्हाला फक्त गाणी माहीत होती. आमचे गायन मंडळ ती गायचे, जयंतीच्या मिरवणुकीत ती व्हायची, आणि माझी आजी ती जात्यावर म्हणायची. आजीला अक्षर येत नव्हते. गाणी मात्र तिला पंधरा-वीस तोंडपाठ होती.

त्या रात्री आजी बायकांच्या बाजूला कनातीला टेकून बसली होती आणि मी तिच्या पुढ्यात. वामनदादांनी एक गाणे सुरू केले. आजीला ते येतच होते, ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती. शेवटचे कडवे आले. जुन्या संतांसारखी वामनदादांचीही रीत अशी की शेवटच्या कडव्यात स्वतःचे नाव गुंफायचे. ते नाव त्यांच्या तोंडून आले आणि आजी एकदम थांबली. मला कोपराने ढोसून म्हणाली, "आरं, वामन म्हंजी ह्योच का?"

तिने ते नाव हजारदा म्हटले होते. पण ते एका जित्या माणसाचे नाव आहे, हे तिला त्या रात्री कळले. तोवर तिच्या लेखी तो गाण्यातला एक शब्द होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी बहिणाबाईंची गाथा वाचताना मला आजीचे ते कोपर आठवले. गाणे आधी येते आणि माणूस मागून येतो. मधल्या काळात ऐकणाऱ्याच्या मनात जे होते, ते कोणी लिहून ठेवत नाही. बहिणाबाईंनी ते ठेवले आहे.

बहिणाबाईंचा जन्म शके १५५० चा, म्हणजे इसवी सन १६२८ चा. गाव वेरूळजवळचे देवगाव. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी तिचे लग्न शिऊरच्या पाठकांकडे झाले. नवरा तीस वर्षांचा, बिजवर, शास्त्र शिकलेला. ती नऊ वर्षांची असताना भाऊबंदकीच्या आणि पैशांच्या तंट्यापायी या कुटुंबाला गाव सोडावे लागले. आई, वडील, नवरा आणि ही लहान मुलगी अशी ही माणसे गोदाकाठाने निघाली, पंढरपूर करून रहिमतपूरला आली आणि पुढे कोल्हापुरात एका ब्राह्मणाच्या आश्रयाला राहिली. कोल्हापुरात आलो तेव्हा आपण अकरा वर्षांच्या होतो, असे ती सांगते.

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. १६३० च्या आगेमागे दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. त्याच दुष्काळात तुकोबांचे दुकान बुडाले आणि त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, हे त्यांच्याच अभंगांतून कळते. सगळा मुलूख अस्थिर. माणसे गाव सोडून दुसऱ्या गावी, ओळखीपाळखीवर, भिक्षुकीवर दिवस काढत होती. बहिणाबाईंचे कुटुंब हे अशांपैकीच एक. आणि माणसांबरोबर गाणीही हलत होती.

कोल्हापुरात त्या वेळी जयरामस्वामी वडगावकरांची कीर्तने होत असत. बहिणाबाई आईवडिलांबरोबर तिथे जाऊ लागली. तिथेच कोल्हापुरात तुकोबांची पदे तिच्या कानांवर पडली आणि मनात रुतली. देहू ते कोल्हापूर हे अंतर आजच्या रस्त्याने अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा छापखाना नव्हता. तुकोबांच्या वह्या देहूत आणि लिहून घेणारे टाळकरी त्यांच्याभोवती. तरीही तुकोबा हयात असताना, त्यांच्या ऐन उमेदीत, त्यांची पदे कोल्हापुरात पोचली होती. ती इतरांच्या तोंडून पोचली. कीर्तनकार आपल्या निरूपणात दुसऱ्याचा अभंग घेतो, ऐकणारे तो उचलतात, घरी नेतात. ही त्या काळची वितरणव्यवस्था होती आणि ती चोख होती.

या व्यवस्थेत नाममुद्रेचे काम फार मोठे आहे. आपण 'तुका म्हणे' इतक्यांदा ऐकतो की त्याकडे लक्ष जात नाही. पण कोल्हापुरातल्या त्या मुलीच्या जागी बसून पाहा. समोर उभा आहे तो दुसराच गाणारा. तो गातो आणि शेवटी सांगतो की हे तुका म्हणतो. म्हणजे जो समोर नाही, तो बोलतो आहे. प्रत्येक अभंगाच्या शेवटी ऐकणाऱ्याला आठवण करून दिली जाते की या शब्दांचा धनी दुसरीकडे आहे. आमच्या आजीने त्या नावाकडे शब्द म्हणून पाहिले. बहिणाबाईने त्या नावाच्या मागे माणूस आहे हे धरले आणि त्या माणसाचा ध्यास घेतला. त्याच्या भेटीवाचून आपण पाण्याबाहेरच्या माशासारखी तळमळत होतो, अशा अर्थाचे ती सांगते.

हा ध्यास तिला सुखासुखी घेता आला नाही. तिच्या निवेदनात एका वासराची गोष्ट आहे. घरात दान म्हणून आलेल्या कपिला गाईचे हे वासरू तिच्या पायांत पायांत असायचे, तिच्याबरोबर कीर्तनाला जायचे. एकदा गर्दीत लोकांनी त्याला बाहेर हाकलले. जयरामस्वामींनी त्याला आत आणवले, वासराच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. गावात याचा बोभाटा झाला. तो नवऱ्याच्या कानांवर गेला आणि त्याने तिला बांधून मारले. कीर्तनात बायकोचे नाव चारचौघांत झाले, हा अपराध. गाईने आणि वासराने वैरण सोडली, असे ती सांगते. पुढे ते वासरू गेले. त्या दुःखात ती काही दिवस भान हरपून पडली असताना तिला स्वप्नात तुकोबा दिसले आणि त्यांनी मंत्र दिला. कार्तिक वद्य पंचमी, रविवार, अशी तिथी आणि वार तिने नोंदवला आहे.

यातले कोणते घडले आणि कोणते भासले, हा वाद मी घालत नाही. मी वाहक माणूस, तिकीट कुठून कुठपर्यंतचे हे पाहायची सवय. या निवेदनात मला पक्के दिसते ते असे: सतराव्या शतकात एका विवाहित ब्राह्मण मुलीने गाणे ऐकायला जाणे, हे जोवर आईवडिलांच्या मागे गुपचूप बसणे होते तोवर चालले. तिच्या ऐकण्याकडे लोकांचे लक्ष गेले, त्या दिवशी तिला मार पडला. आणि तिने गुरू मानला तो कुणबी वाणी, त्या काळच्या भाषेत शूद्र. स्वप्नाची बातमी फुटली, लोक तिला पाहायला येऊ लागले आणि नवऱ्याचा संताप अनावर झाला. आपण वेदशास्त्र जाणणारे ब्राह्मण, आणि बायको शूद्राच्या नावाने वेडी झाली, लोक तिच्या पाया पडतात, मग आपल्याला कोण विचारणार? तिला सोडून निघून जावे असे त्याने ठरवले. ती तेव्हा गरोदर होती.

इथे तिच्या निवेदनाचे मला मोठे आश्चर्य वाटते. ती नवऱ्याला खलनायक करत नाही. त्याचे बोलणे ती पूर्ण मांडते, त्याच्या बाजूने मांडते. आपण पतीची सेवा करू, तोच देव मानू, असेही स्वतःला बजावते. पण तुकोबा सोडते असे कुठे म्हणत नाही. पुढे नवरा आजारी पडला, महिनाभर अंथरुणाला खिळला, ती उशाशी बसून राहिली. त्या दुखण्यात त्याचे मन पालटले. बरा झाल्यावर सगळेच बिऱ्हाड देहूच्या वाटेला लागले. बरोबर ती कपिला गायही होती.

आता देहू. ज्याच्यासाठी हे सगळे झाले, तो क्षण. मी ते अभंग पहिल्यांदा वाचले तेव्हा घाईने पाने उलटली होती. तुकोबांचा आवाज कसा होता? उभे कसे राहायचे? साथीला कोण? टाळ किती? हे सगळे आता प्रत्यक्ष पाहणारी बाई सांगणार, म्हणून मी अधीर झालो होतो. आणि माझी निराशा झाली. यातले ती जवळपास काहीच सांगत नाही.

ती काय सांगते पाहा. आम्ही इंद्रायणीत स्नान केले, देवळात गेलो. तुकोबा आरती करत होते. स्वप्नात पाहिले तसेच ते प्रत्यक्ष दिसले. नमस्कार केला. मग राहायचे कुठे हा प्रश्न आला. गावात मंबाजी गोसाव्याचा मठ होता. तिथे जागा मागितली, तर त्याने हाकलून दिले. देवळात कोंडाजी भेटले, त्यांनी जेवायला बोलावले. शेवटी देवळातल्याच ओवरीत बिऱ्हाड टाकले. तिथे तुकोबांची कथा रात्रंदिवस कानांवर पडू लागली. ती ऐकताना वेदांचा अर्थच ऐकतो आहोत असे वाटले आणि मनाचे समाधान झाले.

एवढेच. आवाज नाही, चाल नाही. आहे ती जागा. कुणी दिली, कुणी नाकारली, कुठे बसलो, कुणी जेवू घातले.

कित्येक वर्षे मला हे तिच्या निवेदनातले उणे वाटत होते. मग एकदा मी आजीच्या त्या रात्रीचे स्वतःलाच सांगून पाहिले. मला वामनदादांच्या आवाजाबद्दल चार वाक्यांपलीकडे सांगता आले नाही. पण आजी कनातीला टेकली होती, तिच्या पायांशी गोणपाट होते, माझ्या पाठीला तिचा गुडघा लागत होता, हे मला अजून दिसते. आवाज शब्दांत धरता येत नाही. जागा धरता येते. आणि ज्यांना ती जागा सहज मिळत नाही, त्यांच्या आठवणीत ती पहिली राहते. ज्याची खुर्ची राखून ठेवलेली असते, तो रागदारीवर लिहितो. ज्याला आत घेतील की नाही याची खात्री नसते, तो आधी आत कसे घेतले ते सांगतो. बहिणाबाईंच्या सांगण्यातल्या ओवरीचा मला हा अर्थ लागला.

मंबाजीचे प्रकरण याच अंगाने वाचायला हवे. मंबाजी म्हणजे दुष्ट मनुष्य, असे आपण कीर्तनांतून आणि सिनेमांतून शिकलो. बहिणाबाईंच्या निवेदनात त्याचे म्हणणे नेमके आहे. तुम्ही ब्राह्मण, माझ्याकडून अनुग्रह घ्या. स्वप्नातला गुरू हा काय गुरू? आणि तोही शूद्र? यांच्याशी व्यवहार ठेवू नये. पुढे त्याने पुण्याच्या आपाजी गोसाव्याकडे तक्रार पाठवली की इथे ब्राह्मण शूद्राच्या पाया पडतात, धर्म बुडाला. म्हणजे ही तक्रार नुसत्या गाण्याबद्दल नव्हती. कोण कुणासमोर बसून ऐकतो, याबद्दल होती. गाणाऱ्याच्या समोर बसणे म्हणजे त्याच्या खाली बसणे. तुकोबांची पदे कोल्हापुरात दुसऱ्याच्या तोंडून ऐकली तोवर ती फक्त पदे होती. देहूत समोर बसून ऐकली, तेव्हा ती उतरंड उलटली. मंबाजीला हे नीट कळले होते. त्याने त्यांच्या गाईला मारले, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले असे बहिणाबाई सांगते. चमत्कार बाजूला ठेवला तरी भांडण उरतेच. ते ओवरीचे भांडण होते.

इथे साधनांबद्दल थोडे सांगणे भाग आहे. तुकोबांची जी चरित्रे आपल्या मनात ठसली आहेत, ती बहुतांशी महिपतीबुवा ताहराबादकरांवरून आलेली. त्यांचा भक्तविजय १७६२ चा आणि भक्तलीलामृत १७७४ चे. तुकोबांचे निर्याण शके १५७१ चे, म्हणजे १६५० चे. मधे शंभराहून अधिक वर्षे गेली. महिपतींचे ऋण मोठे आहे, पण त्यांनी ऐकलेले ऐकवले. रामेश्वर भटांसारख्या समकालीनांची स्तुतिपर पदे आहेत, त्यांत स्तुती आहे, प्रसंग फारसे नाहीत. तुकोबांच्या कीर्तनाला आपण कसे पोचलो, वाटेत काय झाले, कुठे राहिलो, असे तपशीलवार सांगणारे निवेदन मला बहिणाबाईंशिवाय दुसरे मिळालेले नाही. ही गाथा शिऊरला तिच्या वंशात राहिली. धोंडो वासुदेव उमरखाने यांनी ती छापली, आणि जस्टिन अॅबट या मिशनरी अभ्यासकाने १९२९ साली तिचे इंग्रजी भाषांतर पुण्याहून प्रसिद्ध केले. साडेचार हजारांवर अभंग गाणाऱ्याचे, आणि ऐकणारीचे हे थोडके. पण तेवढे आहेत म्हणून तरी बरे.

आणखी एक गोष्ट मला तुकोबांकडे परत गेल्यावर दिसली. बहिणाबाईकडे ऐकणारी म्हणून पाहायचे ठरवल्यावर मी तुकोबांचा आत्मचरित्रपर अभंग पुन्हा काढला. त्यात ते आपण कवी कसे झालो हे सांगत नाहीत. आधी ऐकणारा कसा झालो ते सांगतात. देऊळ मोडकळीला आले होते, ते नीट करावेसे वाटले. एकादशीला कीर्तन सुरू केले, पण मनाला सराव नव्हता. मग संतांची वचने विश्वासाने पाठ केली. पुढे जे गात होते त्यांच्या मागे उभे राहून ध्रुपद धरले. म्हणजे मराठीतला हा सगळ्यांत मोठा गाणारा आधी टाळकऱ्यांच्या रांगेत होता. पुढे स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व कर म्हणाले. बाबाजींचा उपदेशही स्वप्नातच झाला. त्याची तिथी आणि वार त्यांनी सांगितला आहे: माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

वाचकांच्या लक्षात आले असेलच. नामदेव तुकोबांच्या तीनशे वर्षे आधीचे. त्यांना प्रत्यक्ष ऐकणे तुकोबांना शक्य नव्हते, म्हणून ते स्वप्नात भेटले. बहिणाबाईला तुकोबा दूर होते, म्हणून तेही स्वप्नात भेटले. दोघांनीही तिथी आणि वार टिपला. ज्याची पदे आपण पाठ केली, तो एके रात्री येतो आणि आपल्याला नावाने हाक मारतो. या परंपरेत ऐकणाऱ्याने गाणारा होण्याची ही ठरलेली वाट आहे. मंबाजीचा आक्षेप खरे तर तुकोबांच्याही मुळाशी जात होता. स्वप्नातला गुरू खोटा मानला तर तुकोबाही उरत नाहीत.

फरक एकच. तुकोबांना नामदेवांचे तोंड पाहता आले नाही. बहिणाबाईला तुकोबांचे पाहता आले. कोल्हापुरात जे नाव परक्या तोंडातून ऐकले होते, ते देहूत त्याच्या स्वतःच्या तोंडून ऐकले. 'तुका म्हणे' हे शब्द तुकोबा म्हणत आहेत, आणि आपण ओवरीत बसून ऐकत आहोत. तिने त्याचे वर्णन केले नाही, पण त्याचा परिणाम सांगितला आहे. देहूतच तिला मुलगी झाली, काशी. तिथेच तीन दिवसांच्या एका तंद्रीनंतर आपल्याला पदे सुचू लागली, असे ती सांगते. आणि त्या पदांच्या शेवटी नवी नाममुद्रा आली: 'बहिणी म्हणे'. स्त्री म्हणून वेदाचा अधिकार नाही, ही खंत तिने पुढेही अनेकदा बोलून दाखवली. पण 'म्हणे' या क्रियापदाचा कर्ता होण्याचा अधिकार तिने घेतला, तो देहूच्या ओवरीत.

मी देहूला दोनदा गेलो. आजचे बांधकाम नंतरच्या काळातले. भोवतीच्या ओवऱ्यांत वारकरी पथाऱ्या टाकून बसलेले असतात. बहिणाबाईंची ओवरी कोणती, असे मी कुणाला विचारले नाही. एका खांबाला टेकून संध्याकाळच्या आरतीपर्यंत बसलो. शेजारी परभणीकडच्या तीन बायका होत्या. आरती सुरू झाली तशा त्या उठल्या आणि जागा जाऊ नये म्हणून एकीने आपली पिशवी माझ्याजवळ ठेवली. "दादा, लक्ष ठेवा बरं का," म्हणाली. मी हो म्हणालो.

बहिणाबाई पुढे शिऊरला परतली. मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा. १७०० साली शिऊरलाच तिने देह ठेवला. मरणाच्या आधी तिने आपले मागचे बारा जन्म मुलाला सांगितले. त्यांवर मी काही बोलू शकत नाही. पण त्या बारांपेक्षा मला तिचा हा तेरावा जन्म मोलाचा वाटतो, कारण त्याला तिथी आहे, वार आहे, गाव आहे आणि ओवरी आहे.

वामनदादा २००४ साली नाशकात गेले. आजी त्याआधीच गेली होती. गाणी रचणाऱ्यांचे संग्रह निघतात, निघायलाच हवेत. पण जात्यावर ती म्हणणाऱ्या आणि एका रात्री त्या नावाचा माणूस पाहून थबकणाऱ्या बायकांची नोंद कुठेच होत नाही. शाहिरांवर, लोकगायकांवर काम करणाऱ्या तरुण मित्रांना माझी एवढीच विनंती आहे. गाणाऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर आता ऐकणाऱ्यांच्या घ्या. पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकले? तो स्वतः आला तेव्हा तुम्ही कुठे बसला होता? आत येताना कुणी अडवले का? ही माणसे आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. वेळ थोडा आहे.

मी निवृत्त झालो त्याच्या आदल्या महिन्यात शिऊर बंगल्याला एक म्हातारी उतरत होती. नेहमीचाच प्रश्न तिने विचारला. हो म्हणून घंटीच्या दोरीला हात घातला होता, तो मागे घेतला. "मावशी, बहिणाबाईचं काही येतं का म्हणायला?" मी विचारले. तिने पायरीवर उभी राहूनच एक अभंग म्हटला, अगदी हळू, शेवटच्या चरणापर्यंत. मागून लोक ओरडत होते, चालक आरशातून बघत होता. नाव आले, मग मी घंटी मारली.